थेंबाथेंबाने डिझेल, एकरकमी ऊन

२० सप्टेंबर २०१७ रोजी ‘मारिया’ चक्रीवादळ कॅरिबियनमधील अमेरिकेच्या अखत्यारीतील पोर्टो रिकोवर धडकले आणि तीस लाखांहून अधिक वस्तीच्या त्या बेटावरील वीजपुरवठा सर्वत्र खंडित झाला. शेवटच्या काही घरांत पुन्हा दिवा लागायला जवळजवळ अकरा महिने गेले. या घटनेबद्दल लिहिताना मोडलेले खांब आणि डोंगरात लोंबकळणाऱ्या तारा यांचा उल्लेख हमखास होतो. परंतु सुमारे नऊ अब्ज डॉलरच्या कर्जाखाली दबलेली तेथील सरकारी वीज कंपनी त्याच वर्षीच्या जुलैमध्ये, म्हणजे वादळाच्या अडीच महिने आधी, दिवाळखोरीच्या न्यायालयीन प्रक्रियेत दाखल झाली होती, ही गोष्ट बहुधा तळटिपेत जाते. बेटांवरील विजेविषयी जितके वाचत गेलो तितकी मला ती तळटीपच विषयाचा गाभा वाटू लागली. तारांखालच्या फांद्या छाटणे, गंजलेले मनोरे बदलणे, सुटे भाग साठवून ठेवणे ही कामे पैशाअभावी वर्षानुवर्षे मागे पडत गेली, आणि वादळाने त्या थकबाकीची एकाच दिवसात वसुली केली.

बेटावरील ग्रिडला, म्हणजे वीजजाळ्याला, शेजारी नसतो, आणि बाकीच्या बहुतेक अडचणी यातूनच निघतात. खंडप्राय जाळ्यात एखादे मोठे जनित्र बंद पडले, तर शेकडो किलोमीटरवरील इतर जनित्रे तो भार न बोलता उचलतात. ग्राहकाला काही कळतही नाही. छोट्या बेटावर मात्र एकच जनित्र एकूण मागणीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भार वाहत असू शकते. ते थांबले की विजेची वारंवारता, म्हणजे प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तने, काही सेकंदांत घसरू लागते. म्हणून अशा ठिकाणी गरजेपेक्षा जास्त डिझेल जनित्रे कमी भारावर फिरत ठेवण्याची पद्धत पडली आहे. डिझेल इंजिन साधारण तीस टक्क्यांपेक्षा कमी भारावर दीर्घकाळ चालवणे त्याच्या प्रकृतीला मानवत नाही; त्यामुळे भर दुपारी सौर पॅनेलमधून वीज वाया जात असतानाही डिझेल जळतच राहते. सौर प्रकल्प उभारूनही इंधनाचे बिल अपेक्षेइतके का उतरले नाही, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा या फिरत्या राखीव क्षमतेत सापडते.

तांत्रिक बाजूने हे कोडे बरेचसे सुटले आहे. हवाईमधील काउआई बेटावर ग्राहकांच्या मालकीची वीज सहकारी संस्था आहे. तिने २०१७ साली १३ मेगावॅट सौर क्षमतेला ५२ मेगावॅट-तास बॅटरीची जोड दिली, तर २०१९ साली २० मेगावॅट सौर आणि १०० मेगावॅट-तास साठवण असलेल्या दुसऱ्या प्रकल्पातून वीज घेण्यास सुरुवात केली. पहिल्या प्रकल्पाची वीज युनिटला सुमारे १४ सेंट पडली, दुसऱ्याची सुमारे ११. एका जुन्या टर्बाइनचे जनित्र इंधन न जाळता केवळ फिरत ठेवून जाळ्याला जडत्व, म्हणजे वारंवारतेची घसरण मंदावणारा फिरत्या वजनाचा रेटा, पुरवण्याची युक्तीही त्या संस्थेने वापरली, आणि काही तास संपूर्ण बेट नवीकरणीय विजेवर चालू लागले.

अर्थात हे फार गोंडस करून सांगू नये. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेथील एक मोठे तेलावर चालणारे जनित्र अचानक बंद पडले. बॅटऱ्यांनी तूट तत्काळ भरून काढली, पण त्यापाठोपाठ सेकंदाला १८ ते २० वेळा होणारी आंदोलने जाळ्यात उठली आणि सुमारे मिनिटभर टिकली. पॅनेल आणि बॅटरी यांची वीज ग्रिडला चालेल अशा रूपात बदलणारे यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. ग्रिडची चाल पाहून तिच्यामागे जाणारे इन्व्हर्टर आणि स्वतः ती चाल ठरवणारे इन्व्हर्टर यांतील फरक तोवर शोधनिबंधांचा विषय होता. त्या मिनिटाने तो नियंत्रण कक्षाचा विषय केला. काही प्रकल्पांतील नियंत्रणपद्धती बदलून त्या दुसऱ्या प्रकारात आणणे हा त्यावरचा एक उपाय ठरला. मला या प्रसंगात आश्वासक वाटते ते इतकेच की, दोष सापडला, समजला आणि बऱ्याच अंशी सेटिंग बदलून दूर करता आला.

पैशाच्या दोषांचे तसे नसते. डिझेल जनित्र तुलनेने स्वस्तात येते आणि त्याचा खरा खर्च पुढे रोजच्या इंधनातून थेंबाथेंबाने होत राहतो. उलट ऊन आणि वारा फुकट असले, तरी ते पकडण्याची सामग्री पहिल्याच दिवशी विकत घ्यावी लागते. पुढील वीस वर्षांच्या विजेचे पैसे जणू आधीच मोजायचे असतात. त्यामुळे सौर विजेच्या दरात मोठा वाटा असतो व्याजाचा. समजा, प्रकल्पाचा खर्च १०० आहे आणि परतफेड वीस वर्षांच्या समान वार्षिक हप्त्यांत करायची आहे. व्याज ४ टक्के असेल, तर हप्ता साधारण ७.४ येतो, १२ टक्के असेल, तर १३.४. पॅनेल तेच, ऊन तेच, आणि विजेचा दर मात्र जवळजवळ १.८ पट. सर्वांत जास्त ऊन पडणारी कितीतरी बेटे नेमकी चढ्या व्याजाच्या रांगेत असतात, कारण तेथील एकमेव वीज कंपनी तोट्यात असते, तिच्यामागील सरकारवर आधीच कर्ज असते, आणि वसुली ज्या चलनात होते त्या चलनात परदेशी सावकाराला परतफेड नको असते.

येथे एक विसंगती आहे, तिच्याबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. अनेक बेटांवर इंधनाच्या किमतीतील चढउतार ‘इंधन अधिभार’ म्हणून थेट ग्राहकाच्या बिलात जातो किंवा सरकारी अनुदानातून भागवला जातो. तेल महागले, तर वीज कंपनीच्या ताळेबंदाला फारशी झळ पोहोचत नाही. सौर प्रकल्पासाठी काढलेले कर्ज मात्र त्याच ताळेबंदावर दिसते. म्हणजे जो धोका देशाला सर्वांत महाग पडतो तो कंपनीला जाणवत नाही, आणि जो उपाय देशाला स्वस्त पडतो तो कंपनीला धोका वाटतो. अशा कंपनीच्या व्यवस्थापनाला जुनाट विचारांचे म्हणून नावे ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही. हिशेबाची रचनाच तशी असेल, तर दुसरे कोणीही तेथे बसले तरी डिझेलच निवडेल.

हे धोके वेगळे काढून, ज्याला जो पेलेल त्याच्या खांद्यावर ठेवले तर काय होते, याचे मालदीव हे चांगले उदाहरण आहे. जागतिक बँकेच्या पाठबळाने तेथे खासगी सौर प्रकल्पांसाठी जी चौकट उभी राहिली, तिच्यात वीज कंपनीने बिल थकवले तर भरपाईची हमी, करार मध्येच मोडला तर संरक्षण आणि चलन बदलून मिळण्याची तजवीज अशा गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या. पहिल्या, दीड मेगावॅटच्या प्रकल्पात दर युनिटला सुमारे २१ सेंट होता. पुढच्या ५ मेगावॅटच्या फेरीत तो सुमारे ११ सेंटवर आणि त्यानंतरच्या ११ मेगावॅटच्या फेरीत १० सेंटच्या खाली आला. या काळात जगभर पॅनेल स्वस्त झाली, हे खरे असल्याने सगळे श्रेय हमीला देता येणार नाही. तरीही पहिल्या फेरीत बिचकणारे गुंतवणूकदार तिसऱ्या फेरीत मोठ्या संख्येने बोली लावायला आले, हे केवळ पॅनेलच्या भावाने झाले असेल, असे मला वाटत नाही. आधीच्या प्रकल्पांची बिले वेळेवर चुकती होत आहेत, हे त्यांना दिसत होते.

आकाराचा प्रश्नही आहेच. दोन मेगावॅटच्या करारासाठी वकील, अभियंते आणि पर्यावरण सल्लागार यांना जे काम करावे लागते ते दोनशे मेगावॅटच्या कामापेक्षा फारसे कमी नसते. म्हणून लहान बेटांचे प्रकल्प एकेकटे बाजारात आणण्याऐवजी त्यांची मोट बांधणे शहाणपणाचे ठरते. मालदीवमधीलच अनेक बाह्य बेटांवर डिझेल-सौर-बॅटरी संकर उभारण्याचे काम २०१४ पासून आशियाई विकास बँकेच्या साहाय्याने एकाच छत्राखाली झाले, ते याच कारणाने.

करार कशाचा केला आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. जुन्या पद्धतीत उत्पादकाला युनिटमागे पैसे मिळत. म्हणजे ग्रिडला नको असतानाही वीज ढकलत राहण्यात त्याचा फायदा, आणि वीज कंपनीने उत्पादन रोखले की वाद. हवाईतील अलीकडच्या सौर-बॅटरी करारांत प्रकल्प सज्ज आणि उपलब्ध ठेवण्यासाठी ठरावीक मासिक रक्कम दिली जाते आणि तो कधी, किती चालवायचा हे वीज कंपनी ठरवते. बॅटरी काही तास भरलेली राखून ठेवणे, वारंवारता सावरणे, वादळाच्या आदल्या रात्री साठा पूर्ण करणे या सेवा युनिटमध्ये मोजता येत नाहीत, आणि बेटाला तर त्यांचीच सर्वाधिक गरज असते. दिसायला हा करारातील कोरडा तपशील. पण माझ्या मते गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात झालेल्या बदलांपैकी हा सर्वांत उपयोगी आहे.

शंभर टक्क्यांच्या घोषणेबद्दल मी थोडा साशंक आहे, त्याचे कारण स्पेनच्या कॅनरी द्वीपसमूहातील एल हिएरो. सुमारे अकरा हजार वस्तीच्या या बेटावर ११.५ मेगावॅटच्या पवनचक्क्या आहेत. जास्तीच्या विजेवर पाणी जुन्या ज्वालामुखीच्या मुखात बांधलेल्या जलाशयात चढवायचे आणि वारा पडला की तेच खाली सोडून वीज निर्माण करायची, अशी ती देखणी योजना २०१४ साली सुरू झाली. २०१९ च्या उन्हाळ्यात हे बेट सलग २४ दिवस केवळ नवीकरणीय विजेवर चालले. तरीही वर्षभराची सरासरी निम्म्याच्या आसपास राहत आली आहे. वारा ऋतूनुसार पडतो, आणि भूप्रदेशाच्या मर्यादेमुळे जलाशय, विशेषतः खालचा, आठवड्यांच्या तुटीला पुरेल इतका मोठा करता आलेला नाही. पहिले पन्नास टक्के ज्या प्रमाणात खर्च करून मिळाले, त्याच प्रमाणात शेवटचे दहा टक्के मिळत नाहीत. शिवाय स्पेनमध्ये द्वीपांवरील विजेचा जादा खर्च देशभरातील ग्राहक आणि सरकारी तिजोरी मिळून उचलतात. ज्या बेटाच्या पाठीशी असा मोठा देश नाही, त्याने एल हिएरोचा आराखडा जसाच्या तसा उचलू नये.

स्कॉटलंडमधील एग या चिमुकल्या बेटाने उलट्या टोकापासून सुरुवात केली. २००८ साली तेथे जलविद्युत, वारा आणि ऊन यांवर चालणारे सामुदायिक जाळे सुरू झाले, आणि प्रत्येक घराला एका वेळी जास्तीत जास्त ५ किलोवॅटच घेता येतील, असा नियम रहिवाशांनी स्वतःवर घालून घेतला. मागणीला अशी वेसण घातली की बॅटरी लहान लागते, कर्ज लहान लागते. डेन्मार्कच्या साम्सो बेटाचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते. तेथे पवनचक्क्यांची मालकी शेतकरी, सहकारी गट आणि नगरपालिका यांच्यात वाटलेली आहे, हे अनुकरणीय खरेच. पण ते बेट केबलने मुख्य भूमीशी जोडलेले आहे, आणि वारा पडल्यावर वीज बाहेरून येते. त्याला बेटावरील स्वतंत्र ग्रिडचा नमुना म्हणणे योग्य नाही.

आता वादळाकडे परत येतो. नवीकरणीय म्हणजे आपोआप चिवट, असे नसते. मारियाच्या वेळी पोर्टो रिकोतील काही सौर उद्यानांची पॅनेल पत्त्यांसारखी उडाली, तर सान हुआनमधील एका रुग्णालयाच्या छतावरील यंत्रणा टिकून राहिली. त्या वर्षीच्या वादळांनंतर कॅरिबियनमध्ये झालेल्या पाहणीत फरक अगदी साध्या गोष्टींत दिसला : पॅनेल वरून चिमट्याने दाबून धरले होते की आरपार बोल्टने आवळले होते, नट कंपनाने सैल न होणारे होते का, चौकटीला पुरेसे आधार होते का. एक चिमटा निसटला की शेजारचे पॅनेल सुटे होते आणि मग सगळी रांग जाते. आरपार बोल्टचा जादा खर्च प्रकल्पाच्या तुलनेत किरकोळ असतो. परंतु केवळ सर्वांत कमी दराच्या बोलीवर कंत्राट दिले जाते तेव्हा नेमका तोच आधी गळतो.

दुरुस्तीचा पैसाही पुष्कळदा अशाच अटींवर येतो. अमेरिकेतील आपत्ती-निधीच्या नियमांचा रोख मूळ स्थितीत पुनर्बांधणी करण्याकडे होता, म्हणजे जो खांब मोडला तसाच पुन्हा उभा करायचा. पोर्टो रिकोसाठी २०१८ मध्ये कायद्याने ही अट शिथिल केली गेली. तरीही सप्टेंबर २०२२ मध्ये त्याहून कितीतरी सौम्य अशा ‘फियोना’ वादळात बेट पुन्हा पूर्ण अंधारात गेले. निधी मंजूर होणे आणि तार बदलली जाणे यांत वर्षे जातात.

सर्वांत अवघड गाठ अशी की, वादळ खांब पाडते त्याच दिवशी कर्जदाराची फेडण्याची ताकदही पाडते. कॅरिबियनमधील डॉमिनिका या छोट्या द्वीपराष्ट्रात मारियाने केलेले नुकसान त्या देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक ठरले. वीज नाही म्हणून बिले नाहीत, बिले नाहीत म्हणून हप्ता नाही, आणि नवे कर्ज हवे असते ते नेमके त्याच आठवड्यात. २००७ साली स्थापन झालेला कॅरिबियनमधील सामायिक आपत्ती-विमा निधी यासाठीच नुकसानीची मोजदाद होण्याची वाट न पाहता, वाऱ्याचा वेग आणि वादळाचा मार्ग यांसारख्या निकषांवर झटपट रक्कम देतो. अलीकडे वीज कंपन्यांच्या तारा-खांबांसाठीही तसे विमाकवच त्याने आणले आहे. दुसरा मार्ग कर्जातच विसावा लिहिण्याचा. ग्रेनाडाने २०१५ च्या कर्ज-पुनर्रचनेत आपल्या रोख्यांमध्ये चक्रीवादळ कलम घातले : ठरावीक तीव्रतेचे नुकसान झाले, तर काही हप्ते दंडाविना पुढे ढकलता येतील. बार्बाडोसनेही पुढे तशीच कलमे स्वीकारली.

ही कलमे सरकारी रोख्यांत आली, पण वीज प्रकल्पांच्या कर्जांत ती अजून विरळाच आहेत. वीज खरेदी करारातील दैवी आपत्तीचे कलम कोणाची जबाबदारी केव्हा थांबते एवढे सांगते. प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या बँकेचा हप्ता त्याने थांबत नाही. तो थांबवण्याची किंमत व्याजदरात थोडी भर पडून मोजावी लागेल, आणि बेटावरील विजेच्या दरात ती भर दिसेलही. मला ती भर डिझेलच्या अधिभारापेक्षा प्रामाणिक वाटते. १ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ वादळ ग्रेनाडाच्या करियाकू बेटावर धडकले, बहुतेक सर्व इमारतींचे नुकसान झाले आणि तेथील वीजवितरण कोलमडले. त्यानंतर ग्रेनाडाने रोख्यातील ते कलम पुढे केले आणि हप्ते लांबणीवर टाकले. कलम लिहिल्याला तेव्हा नऊ वर्षे झाली होती, आणि तोवर ते एकदाही वापरावे लागले नव्हते.