फिस्टुला बंद पडला तेव्हा

आईचं डायलिसिस भांडुपला चालतं, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. त्यासाठी मनगटाजवळ ऑपरेशनने धमनी आणि शीर जोडलीय, तिथेच सुया टोचतात; हाच फिस्टुला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद आरोग्यमित्राने सुरळीत करून दिले. पायात गोळे येणं, अंगाला खाज सुटणं, यावर सिस्टर छान सांगतात, म्हणून ते लिहीत नाही. माझा राग आहे तो डॉपलरच्या, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीच्या, काउंटरवर.

गणपतीत घर भरलेलं. चहा, सरबत चालूच. आईला लघवी जवळजवळ होत नाही, त्यामुळे दोन डायलिसिसच्या मधे वजन चार किलोंनी चढलं. तेवढं पाणी एका बैठकीत ओढताना बीपी धाडकन खाली आलं. सलाइन देऊन सावरलं. पण बीपी पडलं की फिस्टुलातलं रक्तही मंदावतं आणि गुठळी धरायला वाव मिळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मनगट चाचपलं. "अगं, हाताला काही लागतच नाहीये." एरवी तिथे मांजर गुरगुरल्यासारखी थरथर असते. सेंटरमध्ये तिलाच थ्रिल म्हणतात. ती रोज उठल्यावर बघायचीच.

नेफ्रोलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, फोनवरच म्हणाले, "आजच जा. गुठळी जुनी झाली की हा फिस्टुला वाचवणं कठीण." टॅक्सी करून परळ गाठलं. सर्जनने डॉपलर लिहून दिलं आणि ते ऑपरेशनला आत गेले. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता पुढच्या आठवड्यातली तारीख घातली.

"अहो, अर्जंट आहे."

"सगळ्यांचंच असतं, ताई. साहेबांची सही आणा."

साहेब आत, दारावर वॉचमन. मग जेवणाची सुट्टी. मी सांगत राहिले: हा गेला तर नवा करायचा, तो सुया टोचण्याजोगा व्हायला दीड-दोन महिने. तोवर डायलिसिससाठी मानेत नळी, आणि तिथून जंतू थेट रक्तात जातात. शेजारच्या खाटेवरच्या काकांना तसाच थंडी वाजून ताप भरलेला मी पाहिलाय. त्याचं उत्तर एकच, सही. बरं, दुसऱ्या दिवशी डायलिसिसची पाळी, ती चुकली तर पोटॅशियम चढणार. हे त्या खिडकीला कोण समजावणार?

शेवटी वॉर्डातल्या एका निवासी डॉक्टर मुलीने आईचा हात पाहिला, कागदावर 'थ्रिल नाही, आजच करणे' लिहिलं, सही-शिक्का मारला. त्यानंतर डॉपलर झटक्यात झालं! रात्री गुठळी काढली आणि थरथर परत आली.

तेव्हा 'थ्रिल नाही, आजच करणे' हे शब्द सर्जनच्या टेबलापाशीच लिहून घ्या, मगच उठा.

अजून एक राहिलं. वॉर्डात सिस्टर बीपीचा पट्टा फिस्टुलाच्याच हाताला बांधायला आल्या. मी अडवलं. त्या हाताला बीपी नको, रक्त काढणं नको, घट्ट बांगडी नको. मी सरळ मार्करने हातावर लिहून टाकलं. आणि बीपीची गोळी डायलिसिसच्या दिवशी आधी घ्यायची की नंतर, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. आईची वेळ त्यांनी आता बदललीय.