यंत्राने दिलेलं नाव

पोळा नुकताच झाला होता. लातूरकडचे पन्नाशीतले एक शेतकरी, साखर वाढलेली, तापाने पार खंगलेले. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नव्हते, तरी टीबीच्या गोळ्या चालू झाल्या होत्या. सोनोग्राफीत प्लीहेत गळवं दिसली आणि त्यातला पू आमच्या लॅबमध्ये आला.

प्लेटवर सुरकुतलेल्या कॉलनी उगवल्या. जंतू ओळखणाऱ्या यंत्राने नाव दिलं: बर्कहोल्डेरिया सेपेशिया. मला पटेना. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर, जंतूंची टोकं गडद, मध्य फिका, थेट सेफ्टीपिन. जेंटामायसिन, कोलिस्टिन या अँटिबायोटिक्सना दाद नाही, पण को-ॲमॉक्सिक्लॅव या अँटिबायोटिकच्या डिस्कभोवती मोठं स्वच्छ वर्तुळ, म्हणजे तिथे जंतू वाढलेच नाहीत. सेपेशिया सहसा असं वागत नाही, त्याचा भाऊबंद बर्कहोल्डेरिया स्यूडोमलाय वागतो. म्हणजे हा स्यूडोमलायमुळे होणारा आजार, मेलिऑइडोसिस! प्लेट्स लगेच सील केल्या, पुढचं सगळं सेफ्टी कॅबिनेटमध्ये. हा जंतू श्वासातूनही शिरतो. कॉलनीचा वास घेऊन ओळखायची जुनी सवय इथे जिवावर बेतेल.

फिजिशियनना फोन लावला.

"मॅडम, नक्की ना?"

"सर, जीनोमच्या रिपोर्टची वाट बघू नका. सेफ्टाझिडिम चालू करा."

त्यांनी केलं, आणि ताप हळूहळू उतरला.

जीनोमचा, म्हणजे जंतूच्या संपूर्ण डीएनएचा, रिपोर्ट नंतर आला. दोन गुणसूत्रं, मिळून सुमारे ७२ लाख अक्षरं. थायलंडमधल्या रुग्णात सापडलेल्या स्यूडोमलायचा पूर्ण जीनोम २००४ साली प्रसिद्ध झाला होता. त्याच्याशी ताडल्यावर शंका उरली नाही, तो स्यूडोमलायच होता. मी मात्र आधी पेन-ए जनुक उघडलं. सेफ्टाझिडिम निकामी करणारे माहितीतले बदल त्यात नव्हते. खूप हायसं वाटलं. मग त्या शेतकरी मामांना विचारलं.

"मामा, कोकणात, केरळात कधी गेला होता का?"

"पंढरीच्या वारीबिगर गाव सोडलं न्हाई, बाई."

पावसात अनवाणी सोयाबीन खुरपलेलं. हा जंतू माती-पाण्यात राहतो, पायाच्या चिरेतून आत जातो, साखरेच्या रुग्णाला जास्त धरतो. भारतातला पहिला रुग्ण १९९१ साली मुंबईतून नोंदवला गेला. तरी आपल्याकडे हे नाव कुणाच्या मनातच येत नाही, याचा मला राग येतो.

मामांना अजून निदान तीन महिने को-ट्रायमोक्साझोल घ्यायचंय, नाहीतर आजार उलटतो. आणि डॉक्टर मित्रांनो, साखरेचा रुग्ण, पावसाळ्यातला ताप, गळवं, टीबी निगेटिव्ह असं दिसलं तर पू कल्चरला पाठवा आणि फॉर्मवर 'मेलिऑइडोसिस?' एवढं लिहा. मग आम्ही यंत्राच्या नावावर थांबत नाही.