बिडीवाल्या आईची कथा: तिसरा खर्डा

कथा लिहिणाऱ्या मंडळींना कळवायला आनंद होतोय, बिडी कामगार आईची कथा तिसऱ्या खर्ड्यात आली. पण बहुतेक सगळा वेळ एकाच परिच्छेदाने खाल्ला.

दुसऱ्या खर्ड्यात होतं, 'तिची बोटं सराईतपणे चालत होती.' वाक्य शुद्ध, पण ही बोटं स्वेटर विणणाऱ्या बाईचीही असू शकतात. म्हणून दुपारी शेजारच्या अक्कांकडे जाऊन बसू लागलो. भिजवलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापावर ठेवायचं, कात्रीनं कापायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दाबून मिटवायचं. नजर टीव्हीवर, हात सुपात. आता वाक्य असं झालंय: 'आईनं बिडीचं तोंड मिटवलं, सुपात टाकली आन् मान वर न करता म्हणली, कुठं जायलास?'

संवादात 'करायलोय, जायलास' आधीपासून होतंच. आता निवेदनही त्याच बोलीत आणलं. सांगणारा मुलगा सोलापूरच्या पूर्व भागातला. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड नि उर्दू, शाळेत मराठी. तो मनातल्या मनात 'मी जात आहे' कशाला म्हणेल? बोली नुसती अवतरणचिन्हांत कोंडली की पात्रं अडाणी आणि लेखक शहाणा असा भेद पडतो. तो मला अजिबात नको.

शब्द तपासायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) आणि दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' (१९३२ ते १९३८, सात खंड). दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट चाळता येतात. मी मात्र आधी अक्कांना विचारतो, मग कोश उघडतो. एक शब्द बघायला जावं आणि शेजारच्या दहा शब्दांत रात्र सरावी, हे सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. लिहिण्यावरच पोट भरावं ही इच्छा त्यातूनच आली. तोवर नोकरी सांभाळून पहाटे लिहितो.

यंदा कथा दिवाळी अंकाला पाठवायचीच, तेव्हा पावसाळा लागायच्या आत पक्की प्रत हवी. राहिलाय तो ब्रँचमधला, म्हणजे बाया वळलेल्या बिड्या जमा करतात त्या कंपनीच्या केंद्रातला, प्रसंग. मजुरी हजार बिड्यांवर, आणि माल मोजून घेताना खराब म्हणून काही बिड्या बाजूला काढतात. त्या वेळी बाया काय बोलतात, कशा बोलतात, हे मला अजून नीट ऐकायला मिळालेलं नाही. तुमच्यापैकी कुणाची आई, मावशी, आत्या ब्रँचला जात असेल तर जरूर कळवा. जसं बोलतात तसंच लिहा, शुद्ध करू नका.