तुम्ही विचारलेत म्हणून: गोष्ट एवढीशी असताना ‘द रेड’ची मालिका कशी झाली?

मारधाडीच्या चित्रपटांवर मी मनापासून बोलते हे ज्यांना ठाऊक आहे, ती मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात. ‘द रेड’ या २०११ च्या इंडोनेशियन चित्रपटात वीस जणांची पोलीस तुकडी जकार्तामधल्या एका तीस मजली इमारतीत शिरते, वरच्या मजल्यावर बसलेल्या गुंडांच्या म्होरक्याला पकडायला जाते आणि त्यातले मोजकेच जिवंत बाहेर पडतात. गोष्ट एवढ्यात संपते, तर मग तिच्यात मालिकेचे बीज होते असे तुम्ही कशाच्या जोरावर म्हणता?

माझे उत्तर असे आहे की मार्शल आर्ट्सचा चित्रपट पुढे चालतो तो लढण्याच्या एका विशिष्ट पद्धतीवर आणि ती पद्धत अंगात मुरलेल्या माणसांवर. हाँगकाँगमध्ये १९४९ पासून क्वान ताक-हिंग या एकाच नटाने वाँग फेइ-हुंग या कुंगफू गुरूची भूमिका सत्तरहून अधिक चित्रपटांत केली. त्यातल्या कथा एकमेकींसारख्याच असत, पण सोबत लाउ चाम यांच्यासारखे त्या परंपरेत प्रत्यक्ष शिकलेले लोक पडद्यावर उतरत, आणि प्रेक्षक पुन्हा पुन्हा येत ते त्यांचे काम पाहायला.

‘द रेड’चा दिग्दर्शक गॅरेथ एव्हान्स हा मूळचा वेल्सचा. पेंचाक सिलाट या इंडोनेशियन युद्धकलेवर माहितीपट करण्याच्या निमित्ताने तो त्या देशात गेला आणि तिथे त्याला इको उवाइस भेटला. इको तेव्हा एका दूरसंचार कंपनीत गाडी चालवत असे, आणि वयाच्या दहाव्या वर्षापासून घरातच, आपल्या मामा-काकांच्या पिढीकडून सिलाट शिकलेला होता. त्याला घेऊन एव्हान्सने २००९ मध्ये ‘मेरांताउ’ केला. त्यात यायान रुहियान हा सिलाटचा शिक्षकही होता. त्यानंतर एव्हान्सला ‘बेरांदाल’ नावाचा गुन्हेगारी टोळ्यांवरचा मोठा चित्रपट करायचा होता, पण त्याला लागणारा पैसा काही उभा राहिना. तेव्हा त्याने बहुतेक प्रसंग एकाच इमारतीत घडतील असा, सुमारे अकरा लाख डॉलरमध्ये बसणारा चित्रपट लिहिला, तोच ‘द रेड’. २०१४ मध्ये दुसरा भाग म्हणून आली ती ‘बेरांदाल’चीच कथा, म्हणजे ती पहिल्या भागाच्या आधीपासून लिहून ठेवलेली होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेत पहिल्या चित्रपटाच्या नावाला ‘रिडेम्प्शन’ हे शेपूट जोडले गेले ते मूळ नावाचे हक्क मिळाले नाहीत म्हणून, पण त्यामुळे पुढच्या भागांना निरनिराळी उपनावे देण्याचीही सोय झाली.

हातात पैसा कमी असल्यामुळे तयारीवर भर द्यावा लागला. एव्हान्स, इको आणि यायान यांनी प्रत्येक झटापट आधी बसवली, साध्या कॅमेऱ्यावर चित्रित करून, कापून, जोडून पाहिली आणि मगच ती सेटवर नेली. बंदुकाही खऱ्या नव्हत्या. खेळातल्या, हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुका वापरून नळीतून निघणारी ज्वाळा नंतर संगणकावर घातली गेली. या काटेकोरपणामुळेच पडद्यावर कोण कुठे उभा आहे, कुणाचा हात कुणाच्या कोपरात अडकला आहे, हे क्षणभरही हरवत नाही. दृश्यांची कापाकापी करून वेगाचा आभास आणणाऱ्या अनेक महागड्या चित्रपटांत नेमके हेच दिसेनासे होते.

मी सर्वांना एक प्रसंग लक्ष देऊन पाहायला सांगते, आणि त्यात मारामारी मुळीच नाही. नायक रामा (म्हणजे इको) जखमी सहकाऱ्याला घेऊन एका भाडेकरूच्या खोलीत, भिंतीमागच्या अरुंद पोकळीत लपला आहे. कोयते घेतलेली टोळी खोली धुंडाळते आणि तिचा म्होरक्या संशयाने भिंतीतच पाते खुपसत जातो. एक वार आरपार येतो आणि रामाच्या गालात रुततो. त्याला ओरडता येत नाही, मान हलवता येत नाही. पाते मागे ओढले जाऊ लागते तसा तो पात्यावरचे रक्त पुसत राहतो, कारण रक्ताचा डाग बाहेर गेला तर दोघेही संपले. ज्याने आपले शरीर वर्षानुवर्षे ताब्यात ठेवायला शिकले आहे, त्याचे स्थिर राहणेही किती बोलके असते, हे इथे कळते. असा नट हाती असल्यावर त्याला उद्या तुरुंगात ठेवा, परवा मोटारीत बसवा, प्रेक्षक त्याच्या मागे जाणारच.

दुसरे उदाहरण यायानने केलेल्या ‘मॅड डॉग’चे. हा लहान चणीचा माणूस पोलिसांच्या जाका या अधिकाऱ्याला बंदुकीच्या धाकाने एका खोलीत नेतो, दार लावतो, बंदूक बाजूला ठेवतो आणि हाताने लढायला उभा राहतो. जाकाची भूमिका करणारा जो तस्लीम राष्ट्रीय पातळीवरचा ज्युडोपटू होता, त्यामुळे धरून आपटणारा ज्युडो आणि अंगाला भिडून मारणारा सिलाट यांची गाठ पडते. खलनायकाचा स्वभाव इथे संवादापेक्षा त्या बाजूला ठेवलेल्या बंदुकीतून उभा राहतो. हा मनुष्य पहिल्या भागातच मरतो, तरी दुसऱ्या भागात एव्हान्सने यायानला प्राकोसो या अगदी वेगळ्या, थकलेल्या मारेकऱ्याची भूमिका देऊन परत आणले. पात्र संपले तरी कलावंत हवाच होता, यातच मालिकेचे खरे भांडवल काय होते ते दिसते.

दुसरा भाग जवळजवळ अडीच तासांचा आहे आणि तो मधे पसरतो, हा आक्षेप मला मान्य आहे. टोळीचा म्होरक्या असलेला बाप, त्याचा मुलगा आणि टोळीची गादी यांचा भाग आटोपशीर करता आला असता. तरीही तुरुंगाच्या आवारातली चिखलातली झुंज आणि विशेषतः शेवटाकडची स्वयंपाकघरातली लढत पहिल्या भागात शक्य नव्हती. तिथे इकोसमोर सेचेप अरिफ रहमान हा सिलाटचा कसलेला शिक्षक उभा आहे, आणि सुरुवातीला दोघे घाईने काहीच करत नाहीत. एकमेकांचा पवित्रा जोखतात, दोन-चार वार झेलून अंतर मापतात. पुढे सेचेप वाघनखासारखी वळलेली दोन केरांबित पाती काढतो, तोवर आपल्यालाही समोरच्याची ताकद कळून चुकलेली असते. एका परंपरेतल्या दोन जाणकारांचा हा संवाद आहे, आणि तो वाचायला पहिल्या भागानेच आपल्याला शिकवलेले असते.

पाठोपाठ विचारले जाते, मग तिसरा भाग का नाही? दुसऱ्याच्या अखेरीस रामा पुढची लढाई नाकारून थांबतो आणि एव्हान्स नंतर दुसऱ्या कामांकडे वळला. हॉलिवूडमध्ये पुनर्निर्मितीच्या घोषणाही झाल्या, पण इमारत, जिने आणि कोयते यांची नक्कल करून ती मंडळी मिळणार नाहीत, त्यामुळे मला त्यांची कधी ओढ वाटली नाही. ती मंडळी मात्र कामात राहिली. इको, जो तस्लीम आणि दुसऱ्या भागातली हातोडेवाली ज्युली एस्टेल २०१८ च्या ‘द नाइट कम्स फॉर अस’मध्ये पुन्हा एकत्र आली, तर यायान आणि सेचेप २०१९ मध्ये ‘जॉन विक’ या हॉलिवूडच्या मारधाडीच्या मालिकेच्या तिसऱ्या भागात केआनू रीव्हजशी लढले. तिसरा भाग हवाच असेल, तर मी या दोन चित्रपटांची नावे सांगते. त्यातला पहिला फार रक्ताळलेला आहे, तेवढी तयारी ठेवून बसा.