आधी जहाज की आधी तळ?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर या विषयावर मी घरात तोंड उघडत नाही. भाचा विचारतो, कारखान्यातली डिस्पॅचची पोरं विचारतात. परवा तर सोलापुरात नवी पेठेत चष्म्याच्या दुकानात एका गृहस्थांशी बोलता बोलता खेळाचा विषय निघाला आणि त्यांनीही तेच विचारलं, "स्टारफील्डमध्ये आधी जहाज वाढवायचं की आधी तळ टाकून जोडायचे?" याच्या मागोमाग आणखी एक प्रश्न असतो, पण तो विचारायचा धीर फक्त बायकोला होतो. "या वयात हे कशाला?" त्यावर मी गप्प बसतो. पहिल्याचं मात्र उत्तर आहे.

आधी जहाज. तळ नंतर, आणि दोनच.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेथेस्डा कंपनीचा हा व्हिडिओ गेम सप्टेंबर 2023मध्ये आला. हजारावर ग्रह-उपग्रह, त्यात तुमचं एक पात्र आणि एक अंतराळजहाज. कथा आहे, मारामारी आहे, राजकारण आहे. आणि एका कोपऱ्यात, कुणाची काही सक्ती नसताना, ग्रहांवर तळ टाकून, खाणी काढून एका ग्रहावरचा माल दुसऱ्या ग्रहावर पाठवायची सोय आहे. लोक आकाशगंगेचं रहस्य शोधायला जातात. मी त्या कोपऱ्यात बसलोय.

सुरुवातीला हाती येतं ते फ्रंटियर नावाचं जहाज. माल मावतो 450. दोन-चार मोहिमांतल्या बंदुका, दगडधोंडे आणि वाटेत उचललेली सँडविचं एवढ्यातच ते भरतं. मग तुम्ही खेळातल्या न्यू अटलांटिस शहराच्या बंदरावर जहाजांची कामं करणाऱ्या तंत्रज्ञाकडे जाता आणि मालाचे डबे जोडता. डबे जोडले की वजन वाढतं, मोबिलिटीचा, म्हणजे चपळपणाचा, आकडा 100वरून घसरतो, जहाज म्हशीसारखं वळायला लागतं. म्हणून इंजिनं बदलायची. मोठ्या इंजिनांना वीज पुरत नाही, म्हणून रिॲक्टर बदलायचा. रिॲक्टर ए, बी, सी अशा तीन वर्गांचे. सी वर्गाचं जहाज उडवायचं तर पायलटिंगचं कौशल्य चौथ्या पायरीला न्यावं लागतं आणि त्यासाठी शत्रूची जहाजं पाडत बसावं लागतं. घरात वॉशिंग मशीन आणलं की नळ हलवावा लागतो, नळापायी भिंत फुटते आणि शेवटी सबंध मोरी नवी होते, त्यातलाच प्रकार.

पोरं इथंच चुकतात. पहिला पैसा बंदुकांवर घालतात. अरे, आधी डबे, मग इंजिन, मग रिॲक्टर, मग ढाल. बंदूक सगळ्यांत शेवटी. जहाजं पाडायची संख्या भरायची तर न्यू अटलांटिसमध्ये व्हॅनगार्ड नावाच्या दलाचा सिम्युलेटर, म्हणजे लुटुपुटीच्या लढाईचं यंत्र, आहे, तिथं पाडलेली जहाजंही धरली जातात. भाच्याला हे सांगितलं तर म्हणतो, "मामा, खेळायलाव का हिशेब करालाव?" दोन्ही, बाबा.

माझं आत्ताचं जहाज दिसायला भयंकर आहे. खोल्या एकमेकींवर चढवल्या, पण शिड्या आणि दारं खेळ आपल्या मर्जीने बसवतो हे लक्षात आलं नाही. दारातून कॉकपिटला जायचं तर आधी वर, मग मागं, मग खाली, मग पुन्हा वर. बायकोने एकदा मागं उभं राहून पाहिलं आणि म्हणाली, "आपल्या जुन्या वाड्याचा जिना दिसतोय." नाव सिद्धेश्वर ठेवलंय, इंग्रजी अक्षरांत. देवावरून की रात्रीच्या मुंबई गाडीवरून, ते मीही ठरवलेलं नाही.

आता तळ. खरं सांगायचं तर तळांवाचून काही अडत नाही. मुख्य कथेला ते लागत नाहीत, आणि पैसा म्हणाल तर लुटीच्या बंदुका विकून लवकर मिळतो. तुम्ही टनावारी माल काढला तरी विकणार कुणाला? व्यापाऱ्याचा गल्लाच रिकामा होतो. मग लोक शुक्रावर जाऊन झोपतात. तिथं एक तास झोपलं की बाहेर सुमारे 100 तास जातात आणि गल्ला पुन्हा भरतो. शुक्राला स्वतःभोवती एक फेरी मारायला आपले 243 दिवस लागतात, त्या संथपणाचा असा उपयोग कुणाच्या डोक्यात आला कोण जाणे.

तरीही टाकायचाच असेल तर पहिला तळ अँड्राफॉनवर टाका. नॅरियन ताऱ्याभोवती एक ग्रह फिरतो, त्याचा हा उपग्रह. त्या ग्रहाचं नाव सुमती. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, आमच्या कुठल्याशा आत्याच्या अंगणातच उतरतोय. तिथं लोखंड आणि ॲल्युमिनियम जवळजवळ सापडतं. दोन्ही मिळून अॅडॅप्टिव्ह फ्रेम होते आणि बांधकामात ती पदोपदी लागते.

दुसरा तळ दुसऱ्या ताऱ्याकडे असेल तर खरी परीक्षा. एकाच ताऱ्याच्या ग्रहांमध्ये साधी कार्गो लिंक, म्हणजे दोन तळांमधली मालवाहू जहाजाची ये-जा, चालते, तिला इंधन लागत नाही. तारा बदलला की मोठी लिंक, आणि तिला हीलियम-3 पाजावा लागतो. गंमत अशी, की तुमच्या स्वतःच्या जहाजाची टाकी प्रत्येक उडीनंतर आपोआप भरते, पण मालवाहू जहाज उधारीवर हलत नाही.

लिंकला दोन डबे असतात. लाल डब्यातला माल जातो, हिरव्यात आलेला माल पडतो. एवढंच. आणि एवढ्यावरच मी आठ रात्री घालवल्या.

पहिल्या रात्री मी उत्साहाने सगळं सगळ्याला जोडलं. हिरव्या डब्यातून कोठार, कोठारातून लाल डबा. सकाळी पाहतो तर अँड्राफॉनचं लोखंड दुसऱ्या तळावर जाऊन, कोठारात हवा खाऊन, त्याच जहाजाने परत आलेलं. रात्रभर त्याची ये-जा चालू. दोन्ही तळ जोरात कामाला लागलेले आणि फ्रेम एकही नाही.

ते सोडवलं, तर दुसरंच उभं राहिलं. लोखंडाची यंत्रं जास्त बसवली होती. लोखंडाने लाल डबा काठोकाठ भरला, ॲल्युमिनियमला पाय ठेवायला जागा नाही. तिकडे हिरव्या डब्यातही लोखंडच, ते कुणी उचलेना, म्हणून आलेलं जहाज काही उतरवू शकेना. मधल्यामध्ये सगळं तुंबलं. आणि मी काय केलं? कोठारं वाढवली! तुंबायला दोन तास जास्त लागले, बस.

याची लाज जास्त वाटली, कारण पोटापाण्याला मी टॉवेलच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. टर्किश टॉवेलच्या मागावर दोन बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले रूळ, असतात, एक ग्राउंडचा म्हणजे खालच्या कापडाचा आणि एक पाईलचा. टॉवेलवरची ती मऊ वेटोळी पाईलच्या सुताची. वेटोळी घालायची म्हणून ते सूत ग्राउंडच्या कितीतरी पट लागतं. दोन्ही बीमवर सारखंच सूत भरून दिलं तर पाईल केव्हाच संपतो आणि ग्राउंडचा अर्धा बीम तसाच घेऊन माग उभा राहतो. मागवाला येऊन शिव्या घालतो, आणि बरोबरच घालतो. गोदामात सूत किती पडलंय याला तो विचारत नाही. हे मी वीस वर्षं पाहतोय, आणि टीव्हीसमोर बसल्यावर विसरलो.

मग यंत्रं काढली. वाढवली नाहीत, काढली. लोखंडाची यंत्रं ॲल्युमिनियमच्या बरोबरीला आणली. एका लिंकवर एकच घन माल, दुसऱ्यासाठी दुसरी लिंक. हिरव्या डब्यातून आलेला माल थेट फ्रेम करणाऱ्या यंत्राकडे, आणि हिरव्या डब्यातून लाल डब्याकडे एकही तार नाही. वायूचं कोठार वेगळंच असतं, त्यामुळे हीलियम तेवढा कुणाच्या अध्यातमध्यात येत नाही. परतीच्या लाल डब्यात फक्त फ्रेम्स.

सोलापूरच्या माणसाला हे खरं तर सांगावं लागू नये. उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटर पाइपातून येतं आणि आपल्या नळाला काही दिवसांआड. वरची टाकी केवढी, खालचा हौद केवढा, मोटर कधी लावायची, भरून वाहायच्या आत कुणी बंद करायची, हे इथल्या आठवीतल्या पोरालाही पाठ असतं. त्याच पोराला सांगितलं, की हिरवा डबा म्हणजे खालचा हौद समज, तर तो म्हणतो, "मग कोठाराला फ्लोट का नाही?" नाही, हे खरंच खेळात हवं होतं. अमुक माल अमुक एवढाच घे, असं लिंकला सांगता आलं असतं तर माझ्या आठ रात्री वाचल्या असत्या.

आठ तळ सुरुवातीपासून टाकता येतात आणि कौशल्य वाढवत नेलं तर चोवीस. चोवीस टाकणारे लोक आहेत, त्यांना माझा नमस्कार. मी तिसरा टाकून पाहिला आणि पंधरा दिवसांत मोडला.

आता बहुतेक रात्री जेवण झाल्यावर मी काही बांधत नाही. सिद्धेश्वर एका बाजूला उभं करतो आणि लिंकच्या पॅडजवळ थांबतो. आकाशात सुमती अर्धी दिसते. मालवाहू जहाज उतरतं, फ्रेम्स उतरवतं, निघून जातं. डिलिव्हरी चलान नाही, वजनकाटा नाही, ड्रायव्हर चहा मागत नाही.