मांजर हरवलं की आधी खाली वाकायचं

पुणे, गुरुवार, रात्री उशिरा

घरातलं मांजर नाहीसं झालं तरी हातापायांना ते कळायला वेळ लागतो. दार उघडताना पाय आपसूक आडवा जातो. कपाट लावण्याआधी आत डोकावलं जातं. झोपेत कूस वळताना पायथ्याशी वीतभर जागा सोडली जाते. आठवण यायची ती अशी येतेच. पण पहिल्या आठवड्यात तिच्या हाती सापडायचं नाही, कारण त्या आठवड्यात कामं खूप असतात आणि बहुतेक माणसं ती नेमकी उलट्या क्रमाने करतात.

म्हणजे लांबून सुरुवात करतात. गाडी काढून डेक्कनपासून वारज्यापर्यंत चकरा मारतात, आणि मांजर त्याच इमारतीच्या मीटर रूममध्ये पाईपामागे अंग चोरून बसलेलं असतं. हरवलेल्या बाराशेहून अधिक मांजरांच्या मालकांना विचारून केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मांजरं घरापासून ५०० मीटरच्या आत होती आणि निम्मी तर अवघ्या ५० मीटरच्या आत. सुमारे एक तृतीयांश मांजरं पहिल्या सात दिवसांत मिळाली. ९० दिवसांनंतर मिळालेली फार थोडी. म्हणजे ५० मीटर आधी, आणि तेही लगेच.

हाक मारली तर ते ओ का देत नाही? मांजर शिकारी आहे, तसंच मोठ्या जनावरांचं भक्ष्यही आहे. अनोळखी जागी, विशेषतः लागलेलं असेल तर, गप्प राहणं हाच त्याचा बचाव. आपला लाडका आवाज चार हातांवर ऐकूनही ते हलत नाही. मांजराचा जो अलिप्तपणा आपल्याला एरवी इतका भावतो, तोच अशा वेळी आपल्या मुळावर येतो. “आवाज दिला असता तर आलीच असती” असं म्हणून शोध थांबवू नये. ओ आली नाही यावरून काहीच कळत नाही.

सुरुवात घरातूनच. दिवाणाचा खण, वॉशिंग मशीनचा ड्रम, फ्रिजमागची कोमट जागा, माळा, गादी आणि भिंत यांमधली फट. मग जिना, डक्ट, पंप रूम, लिफ्टची मशीन रूम, गच्चीवरच्या टाक्यांमागे, एसीच्या बाहेरच्या युनिटखाली. पार्किंगमध्ये नुसतं वाकून भागत नाही, फरशीवर आडवं व्हावं लागतं. मांजर गाडीखाली नसतं, चाकावर किंवा इंजिनाजवळ चढून बसलेलं असतं. थंडीत तर हमखास. वॉचमनला सांगून ठेवावं, गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा माराव्यात. पेठांमध्ये ठिकाणं वेगळी: पोटमाळे, कौलांखालची पोकळी, दोन वाड्यांमधली बोळ, आणि हल्ली पुनर्विकासासाठी पत्रे ठोकून बंद केलेल्या इमारती. पत्र्याखालून आत जायला चार बोटांची फट पुरते.

हे झालं घरात वाढलेल्या मांजराचं. भटकायची सवय असलेला बोका दोन दिवस आला नाही, तर तो लपलेला नसतो, बहुधा अडकलेला असतो. शटर पडलेलं दुकान, कुलूप लागलेलं गॅरेज, सुट्टीवर गेलेल्या कुटुंबाची बाल्कनी. तिथे प्रश्न विचारण्याची पद्धत महत्त्वाची. “मांजर दिसलं का?” याला सगळे नाहीच म्हणतात. “तुमचं गॅरेज दोन मिनिटं उघडाल का, मी स्वतः बघतो” असं विचारावं. दुपारी एक ते चार कोणाची बेल वाजवू नये हे पुण्यात वेगळं सांगायला नको; ती वेळ गच्चीला द्यावी.

वरच्या मजल्यावरून पडलं असेल तर खिडकीच्या थेट खाली बघावं, आणि तिथून भिंतीच्या कडेने दोन्ही बाजूंच्या पहिल्या आडोशापर्यंत. “पडली म्हणजे गेली” असं नसतं. न्यूयॉर्कमधल्या पशुवैद्यांनी उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद १९८७ मध्ये प्रसिद्ध केली होती. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के वाचली. पण चालतंय-फिरतंय म्हणून सोडून देऊ नये. छातीला मार असतो, जबडा मोडलेला असतो. तोंड उघडं टाकून श्वास घेणारं मांजर त्याच क्षणी डॉक्टरकडे न्यायचं, सकाळची वाट बघायची नाही.

शोधाची खरी वेळ रात्री दोन ते चार. रहदारी थांबते, कुत्री जरा निवतात, मांजर बाहेर येतं. टॉर्च कमरेशी नाही, डोळ्यांच्या पातळीवर कानशिलाजवळ धरावा. मांजराच्या डोळ्यातला आरशासारखा पडदा प्रकाश आल्या वाटेनेच परत पाठवतो, त्यामुळे टॉर्च खाली धरला तर ती हिरवी-पिवळी चमक आपल्या डोळ्यांपर्यंत पोचत नाही. एकट्याने किंवा दोघांनी जावं. सोसायटीतली दहा मुलं घेऊन आरडाओरडा करत फिरलं की मांजर आणखी आत सरकतं.

वासासाठी सुका बोंबील थोडा भाजून कोमट पाण्यात भिजवावा, किंवा उकडलेल्या चिकनचं पाणी. चमचाभर पुरे. वाटी रात्रभर ठेवून झोपायला गेलं तर घुशी आणि गल्लीतले बोके जेवून जातात आणि आपण सकाळी रिकामी वाटी बघून उगाच आनंदतो. मांजराच्या शी-शूचा मातीचा ट्रे बाहेर ठेवावा असं पुष्कळजण सांगतात. मला ते पटत नाही. त्या वासावर त्या भागातला बोका येतो, आणि आधीच घाबरलेली भाटी त्याच्या भीतीने लांब जाते. त्यापेक्षा न धुतलेली तिची गोधडी दाराशी टाकावी.

दिसलं की धावू नये. हा मोह आवरणं सगळ्यात अवघड. तिथेच खाली बसावं, अंग तिरकं, डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडावेत. अशा संथ उघडझापेला मांजरं प्रतिसाद देतात आणि असं करणाऱ्या अनोळखी माणसाच्याही जवळ येतात, हे ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रयोगातून दाखवलं; मांजरवेड्यांना ते आधीपासून माहीत होतंच. हाताशी आलं तरी कडेवर घेऊन रस्ता ओलांडू नये. एक हॉर्न वाजला की ओचकारून निसटतं आणि दुसऱ्यांदा जवळ येत नाही. चेनची पिशवी, पेटी, काहीच नसेल तर उशीचा अभ्रा. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि रेबीजच्या इंजेक्शनसाठी त्याच दिवशी जावं, स्वतःचं मांजर असलं तरी. बाहेर त्याला कोण चावलं हे त्याला सांगता येत नाही.

पिंजरा लावायची वेळ आली तर तळाशी वर्तमानपत्र, खाणं पाय पडताच दार पाडणाऱ्या पट्टीच्या पलीकडे अगदी टोकाला, वरून जाड चादर. लावून निघून जाऊ नये, नजर ठेवता येईल इतक्या अंतरावर थांबावं. झाडावर चढलं असेल तर त्याच्या नख्या मागे वळलेल्या असतात. त्या वर चढताना रुततात, डोकं खाली करून उतरताना घसरतात. उतरायचं तर पाठमोरंच, आणि ते सुचायला वेळ लागतो. रात्र उलटूनही तिथेच असेल तर अग्निशमन दल, १०१.

पत्रक मराठीत आणि हिंदीतही हवं, कारण मांजर दिसतं ते सफाई कामगारांना, दूधवाल्याला, बांधकामावरच्या मजुरांना. जात लिहू नये, रंग लिहावा: “पाठ राखाडी, पोट पांढरं, शेपटीचं टोक वाकडं.” एक खूण मुद्दाम लपवून ठेवावी आणि फोन आला की तीच विचारावी. बक्षिसाची रक्कम छापली की मांजर न बघताच आगाऊ पैसे मागणारे फोन येतात. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, तेव्हा “तुमचा तिरंगी बोका आमच्याकडे आहे” म्हणणाऱ्याकडे आधी फोटो मागावा. आणि कानाचं टोक सरळ कापलेलं मांजर कोणाला सापडलं, तर ती नसबंदी होऊन परत सोडलेल्या मांजराची खूण असते. ते हरवलेलं नाही.

परत आलेल्या मांजराला मायेने दूध देऊ नये. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना ते पचत नाही, आणि आधीच सुकलेल्या शरीराला जुलाब परवडत नाहीत. पाणी, मग दर तीन-चार तासांनी दोन चमचे ओलं खाणं. गुबगुबीत मांजर काही दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठू लागते. कानाची आतली बाजू किंवा हिरड्या पिवळट दिसल्या तर तातडीने दवाखाना. जखम डेटॉलने पुसू नये, ते मांजरांना विषारी आहे. पॅरासिटामॉल तर एक गोळीही जीव घेते. घरात दुसरं मांजर असेल तर ते परतलेल्यावर फिस्कारतं. बाहेरचा वास गेलेला नसतो. दोन दिवस वेगळी खोली.

विसर्जनाचे ढोल आणि दिवाळीचे फटाके या काळात दारं-खिडक्या जपाव्यात. मांजराला साठ हजार हर्ट्झच्याही वरचं ऐकू येतं, आपलं वीस हजारांवर संपतं. गळपट्टा घातला तर ओढ बसताच सुटणाऱ्या बकलाचाच; साधा पट्टा फांदीत अडकून फास बसतो. मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, खांद्यांच्या मध्ये कातडीखाली बसते. ती मांजर कुठे आहे हे सांगत नाही, फक्त पंधरा आकडी क्रमांक सांगते, तोही कोणी स्कॅनर फिरवला तर. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये मांजरांचीही नोंदणी सुरू केली. चिपच्या नोंदणीत आणि महापालिकेकडे, दोन्ही ठिकाणी दिलेला मोबाईल क्रमांक चालू ठेवावा, सिम बदललं तर कळवावं. महिने उलटल्यावर मिळालेली मांजरं थोडी असली तरी आहेत, आणि त्या वेळी फोन करणाऱ्याकडे तेवढा एकच क्रमांक असतो.