पगारपत्रकातले दोनशे रुपये

महाराष्ट्रातल्या बहुतेक पगारदारांच्या पगारपत्रकात व्यवसाय कराचे दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात. हा कर मुळात कशासाठी सुरू झाला, असे मी प्रशिक्षणाच्या वर्गात आवर्जून विचारतो आणि शासकीय सेवेत दहा-बारा वर्षे काढलेली मंडळीही एकमेकांकडे पाहू लागतात.

तो सुरू झाला १९७५ साली, रोजगार हमी योजनेसाठी. शासकीय संस्थांमधील धोरणात्मक व्यवस्थापन शिकवताना हार्वर्डच्या मार्क मूर यांनी १९९५ साली मांडलेला त्रिकोण फळ्यावर काढण्याची पद्धत आहे: लोकांच्या पदरात नेमके काय पडायचे आहे, त्याला मान्यता आणि पैसा कोण देणार, आणि ते पार पाडण्याची ताकद यंत्रणेत आहे का. मीही तो काढतो. मात्र उदाहरण वि. स. पागे यांचे देतो. विधान परिषदेच्या या सभापतींनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना आधी तासगाव तालुक्यात करून पाहिली गेली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पोहोचली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

‘मागेल त्याला काम’ ही घोषणा सर्वांच्या लक्षात राहते. मला मोठी वाटते ती तिच्यामागची पैशाची तजवीज. शहरातल्या नोकरदाराकडून कर घ्यायचा, शासनाने त्यात तेवढीच भर घालायची आणि तो निधी याच कामासाठी राखून ठेवायचा, असे ठरल्यामुळे पाऊस बरा झाला म्हणून योजना गुंडाळण्याचा मोह आवरला गेला. दुसरी तजवीज यंत्रणेची. पंधरा दिवसांत काम देण्याची जबाबदारी अंगावर असल्यामुळे मंजूर कामे ‘शेल्फवर’ तयार ठेवावी लागत. पाटबंधारे, बांधकाम, वन, कृषी अशी खाती वेगवेगळी असली, तरी दोरी जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती असे. खात्याखात्यांत फायली टोलवण्याची आपली परंपरा पाहता हे लहान काम नव्हते.

त्रिकोणाचा उरलेला कोपरा, म्हणजे लोकांच्या पदरात नेमके काय पडले हा, मात्र लंगडा राहिला. कनिष्ठ अभियंता असताना मी एका पाझर तलावाच्या कामावर होतो. खणलेल्या खड्ड्यात मध्येच मातीचा एक खुंट न खणता सोडलेला असे. त्याच्या उंचीवरून खोली मोजायची, मोजमाप पुस्तकात आकडा भरायचा, त्यावर मजुरी ठरायची. टेप धरताना बायका माझ्या हाताकडे टक लावून पाहत, कारण टेपवर चार बोटे कमी भरली तर त्यांच्या आठवड्याच्या बाजारातले काहीतरी कमी होणार असे. मासिक आढावा बैठकीत विचारणा होई ती मनुष्यदिवस किती आणि खर्च किती, एवढीच. तलावाखालच्या विहिरींना पाणी उतरले का, हा रकाना तक्त्यात नव्हताच. त्यामुळे तलाव पूर्ण झाल्यावर त्यातला गाळ कोणी काढायचा, हेही कोणाच्या नावावर चढले नाही.

काही वर्षांनी त्याच रस्त्याने गेलो, तेव्हा सांडव्याची दगडी भिंत शाबूत होती आणि तलावाच्या पोटात बाभळी वाढल्या होत्या. शेळ्या राखणाऱ्या बाईंना ओळख सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, “तुमीच टेप धरायचे व्हय?” पाण्याविषयी त्यांनी काही विचारले नाही.